जुन्या मोटारीची किल्ली

मराठी घरात किल्ल्यांचा जुडगा ज्या कमरेला, त्या कमरेकडे घराचा कारभार, असा एके काळचा रिवाज होता. सासूने जुडगा सुनेच्या हाती ठेवला म्हणजे तिने संसार सोपविला, असे मानीत. कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली, देवघरातील चांदीच्या उपकरणांच्या पेटीची किल्ली. प्रत्येकीचा आकार निराळा, वजन निराळे, आणि अंधारातही हाताला त्या ओळखू येत. ह्या जुडग्यात मोटारीची किल्ली पुष्कळ उशिरा आली आणि आली तीही बहुधा पुरुषांच्या खिशातून. आज आपल्या हैदराबादेतील काही मराठी घरांच्या अंगणात एखादी जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडर उभी दिसते. ती हौसेने घेणारे हात थकले किंवा गेले. गाडी मात्र राहिली आहे, आणि तिची किल्ली खिशातून निघून घरातील खुंटीवर लटकली आहे.

ह्या सदरात आपण जुन्या वस्तूंच्या निगेविषयी बोलत असतो. शिवणयंत्र झाले, भिंतीवरचे घड्याळ झाले, पितळी भांड्यांची कल्हई झाली. या खेपेस जुन्या मोटारीतील एका लहानशा भागाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. गाडी सुरू करण्याची कळ आणि तिच्याशी जखडलेले स्टिअरिंगचे कुलूप, असा हा जोडभाग आहे. दोन्ही मिळून वस्तू मुठीत मावेल एवढी. परंतु इंजिन चालू राहणे आणि गाडी वळणे, ह्या दोन्ही गोष्टी तिच्या स्वाधीन आहेत. म्हणून तो भाग झिजला असता काय करावे आणि त्याहूनही काय करू नये, हे घरातील सर्वांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

किल्लीवाचूनची मोटार पाहावयाची असेल तर आपणांस फार दूर जावे लागत नाही. चौमहल्ला राजवाड्यात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ही पिवळी गाडी ठेवलेली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली होती. १९११ साली ते निवर्तले आणि गाडी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या वाट्यास आली. आत राजासाठी सिंहासनासारखे आसन आहे. ही गाडी फार थोडी चालली, दीर्घकाळ पडून राहिली आणि पुढे दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. त्या काळच्या अशा गाड्या पुढून हँडल मारून सुरू करीत. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठरवी. कुलपाची तेथे गरजच नव्हती. दारी पहारेकरी होते, आणि निजामाची गाडी पळवून नेऊन चोर ती लपविणार तरी कोठे?

किल्लीची गरज पडली ती मोटार सामान्यांच्या दारी आली तेव्हा. हँडल मारताना इंजिन उलटे फिरले तर मनगट मोडत असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसविला आणि ते संकट टळले. तरी पुढील कित्येक वर्षे किल्लीने केवळ वीजप्रवाह सुरू होई व स्टार्टरसाठी निराळे बटण दाबावे लागे. १९४९ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने दोन्ही कामे एकाच किल्लीच्या फिरण्यात आणली. ह्याच किल्लीने चाकेही बांधावीत, ही कल्पना युरोपात रुजली. तेथील आब्राम नाइमान हे नाव ह्या कुलपाशी इतके जोडले गेले की फ्रेंच लोक आजही त्याला ‘नाइमान’ याच नावाने ओळखतात.

ह्या कुलपाचा उपयोग किती, ह्याचा एक बोधप्रद दाखला इतिहासात सापडतो. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी नव्या-जुन्या सर्वच मोटारींना असे चोरीरोधक कुलूप सक्तीचे केले आणि तेथील मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते आले, पण केवळ नव्या गाड्यांना. त्याचा परिणाम असा झाला की नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या आणि चोरांनी आपला मोर्चा बिनकुलपाच्या जुन्या गाड्यांकडे वळविला. ब्रिटनच्या गृहखात्याने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे नमूद आहे. ‘जुन्या गाडीला कोण हात लावतो?’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता ह्या भागाची रचना पाहू. त्याचे तीन अवयव. पहिला, किल्ली जीत जाते ती नळी. तिच्यात स्प्रिंगवर बसलेल्या पितळी पत्र्या असतात. योग्य किल्लीचे दाते त्या सर्व पत्र्यांना एका पातळीत आणतात, तेव्हाच नळी फिरते. दुसरा अवयव म्हणजे पोलादी जीभ. किल्ली बाहेर काढली की ही जीभ स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील खाचेत शिरते. मग चाके वळत नाहीत. किल्ली आत असेतोवर जीभ मागे धरून ठेवलेली असते. तिसरा अवयव मागील बाजूस असलेली विजेची कळ. नळी फिरली की तिच्यातील तांब्याचे ठिपके एकमेकांस भिडतात आणि बॅटरीचा प्रवाह क्रमाने रेडिओ, इंजिनची ठिणगी आणि स्टार्टर यांच्याकडे जातो.

हे तीन अवयव एकाच घरात राहत असले तरी त्यांचे आजार वेगळे. किल्ली आत जाते पण फिरत नाही, तर प्रथम स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहावे. चाके कडेच्या दगडाला टेकून उभी असली तर जिभेवर ताण येतो आणि निरोगी कुलूपही हटून बसते. अशा वेळी जोर लावणे म्हणजे किल्ली मोडून घेणे होय. स्टिअरिंग मोकळे असूनही किल्ली अडत असेल, किंवा वरखाली हलवून मगच फिरत असेल, तर पत्र्या अथवा किल्लीचे दाते झिजले आहेत. येथे लोक तेल ओततात. तेलात धूळ बसते आणि आपल्या उन्हाळ्यात तिचा चिखल होतो. त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, कोरडी पूड फुंकावी. किल्ली सहज फिरते पण गाडी सुरू होत नाही, दिवे मंद लागतात, कळीपाशी गरम वास येतो किंवा खड्ड्यात चाक जाताच इंजिन क्षणभर विझते, तर दोष विजेच्या कळीत आहे. चौथे लक्षण सर्वांत घातक: इंजिन चालू असताना किल्ली बाहेर निघून येते. हे लक्षण दिसल्यावर ती गाडी दुरुस्त होईतोवर रस्त्यावर नेऊ नये.

आजार कोणता, हे आधी ठरले तर खर्च पुष्कळ वाचतो. पुष्कळ रचनांत मागची कळ दोन-तीन स्क्रूंनी बसविलेली असते आणि तेवढीच वेगळी बदलता येते. किल्ली झिजली असेल तर झिजलेल्या किल्लीवरून नक्कल करू नये. नकलेत झीजही उतरते. घरात कधी न वापरलेली दुसरी किल्ली असेल तर तिच्यावरून करावी. कुशल किल्लीवाला नळी उघडून पत्र्यांची नवी जुळणीही करून देतो. जीभ, तिची स्प्रिंग किंवा कुलपाचे घरच बिघडले असेल तर मात्र सबंध जोडभाग बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबावर गेल्या वर्षी जो प्रसंग आला, तो येथे सांगणे उपयुक्त होईल. काचीगुड्याकडील हे घर. घरातील बाई निवृत्त शिक्षिका. सारे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. यजमानांना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागते आणि बाई त्यांना आपल्या जुन्या पद्मिनीतून स्वतः नेतात. मुलगा परदेशी. ‘आई, ती गाडी विकून टाक, मी रोजची टॅक्सी ठरवून देतो,’ असे त्याचे प्रत्येक दूरध्वनीत म्हणणे. बाईंचे म्हणणे असे की, ह्या गाडीची बैठक यजमानांच्या गुडघ्यांना सोयीची, तिचे दार त्यांना स्वतः उघडता येते, आणि रुग्णालयातून परतताना त्यांना वाटेत उलटी आली तर परक्याच्या गाडीत संकोच होतो. हे कारण मुलाला त्या सांगत नसत.

एके दिवशी निघण्याच्या वेळी किल्ली कुलपातच मोडली. अर्धी हातात, अर्धी आत. घराजवळचा एक मिस्त्री बोलाविला. त्याने पाहून सांगितले, “अम्मा, चाबी का झंझटइच नक्को, डायरेक्ट कर देतूं.” ह्या एका वाक्यातील ‘नक्को’ आणि तो ‘इच’ हे दोन्ही दख्खनीने आपल्या मराठीकडून घेतलेले, कानाला ते आपले वाटतात आणि म्हणूनच कदाचित माणूस पटकन ‘हौ’ म्हणून जातो. त्याने अर्ध्या तासात कळीच्या तारा तोडल्या, समोरच्या फळीखाली एक खटका आणि एक बटण बसविले. गाडी सुरू झाली. पैसेही थोडे लागले. यजमान वेळेवर रुग्णालयात पोहोचले.

ही ‘डायरेक्ट’ची युक्ती आपल्या शहरात इतकी सर्रास चालते की तिच्यातील धोके सविस्तर सांगितले पाहिजेत. पहिला धोका, बॅटरीची थेट तार फ्यूजवाचून आणि आवरणावाचून पत्र्याजवळून जाते. ती घासली तर आग लागते. दुसरा, खटका चुकून चालू राहिला तर जुन्या पद्धतीच्या ठिणगीयंत्रणेत कॉइल तापून जळते. तिसरा, बटण लहान मुलाच्या हाताशी येते. पुष्कळ कळींत अशी अटक असते की इंजिन चालू असता स्टार्टर पुन्हा फिरू नये. बटणाला ती नाही, आणि चुकून दाबले गेले की दाते खरवडून निघतात. चोराला तर गाडी आयतीच मिळते.

बाईंच्या गाडीत मात्र ह्या सर्वांहून भयंकर गोष्ट होती, आणि ती तीन आठवडे कोणाच्या लक्षात आली नाही. मिस्त्रीने तारा बदलल्या, पण कुलूप जागच्या जागी ठेवले आणि मोडक्या किल्लीचा तुकडाही आतच ठेवला. म्हणजे ती पोलादी जीभ केवळ त्या तुकड्याच्या आधाराने मागे धरलेली होती. हादऱ्याने तुकडा सरकून बाहेर आला असता तर जीभ सुटली असती आणि चालत्या गाडीचे स्टिअरिंग पुढल्या वळणावर बांधले गेले असते. मागील बैठकीवर आजारी माणूस, पुढे चादरघाटचा पूल आणि त्यावरची वाहनांची दाटी. पुढचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. तारेचा वास येऊ लागला म्हणून बाईंनी मलकपेटेतील एका वयस्क मिस्त्रीला गाडी दाखविली. त्याने विजेरी टाकून कुलपात पाहिले आणि गाडी तेथून हलवू दिली नाही. पुढील दहा दिवस, भाग मिळेपर्यंत, यजमान टॅक्सीने गेले.

किल्लीची कळ ही क्षुल्लक वस्तू, असे मानण्याची चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला २०१४ साली सुमारे २६ लक्ष गाड्या ह्याच भागासाठी परत बोलवाव्या लागल्या. कळ जागेवर धरून ठेवणाऱ्या खुंटीची स्प्रिंग दुबळी होती. जुडगा जड असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला की धावत्या गाडीत कळ मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघातसमयी एअरबॅग फुगत नसे. कंपनीने उभारलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कारण काय, तर पैशांच्या हिशेबात मोजता येईल एवढी एक स्प्रिंग. आपल्याकडे मोटारीच्या किल्लीला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या, गणपतीचे पदक आणि बाटली उघडण्याचे साधन असे सारे लटकविण्याची रीत आहे. जुन्या गाडीच्या झिजलेल्या नळीवर हे ओझे दर खड्ड्यागणिक हिंदकळते. मोटारीची किल्ली एकटी ठेवावी.

आता नवा भाग मिळवावयाचा कोठून? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट पुढे १९७४ पासून पद्मिनी म्हणून धावली; विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अ‍ॅम्बॅसॅडर मे २०१४ मध्ये थांबली. तेव्हा कारखान्यातून ताजा माल येण्याचा प्रश्न नाही. बाजारात उरलेला किंवा इतरांनी घडविलेला मालच घ्यावयाचा. सिकंदराबादेत रानीगंज आणि इकडे पुतळीबावडी-जांबाग हे सुट्या भागांचे जुने बाजार. जांबागेतील विवेकवर्धिनीत शिकलेल्या कित्येक वाचकांनी शाळेला जाता-येता ती दुकाने पाहिली असतील. दुकानी जाताना गाडीचे साल सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षी किल्लीची जागा, दांड्याचा व्यास, जिभेची लांबी आणि तारांची टोके बदललेली असतात. कित्येक जुन्या गाड्यांत तर किल्ली समोरच्या फळीवर असून स्टिअरिंगला कुलूपच नसते. म्हणून जुना भाग काढून हातात घेऊन जावे, नपेक्षा त्याची चारी बाजूंनी छायाचित्रे आणि मापे न्यावीत.

जुमेरात बाजारात किंवा एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात जुने भाग स्वस्तात मिळतात. आरसा, दाराची मूठ, दिव्याची काच तेथून खुशाल घ्यावी. कुलूप मात्र घेऊ नये. एक तर ते कोणत्या गाडीतून आणि कसे निघाले हे कळत नाही, आणि त्याची दुसरी किल्ली कोणाच्या खिशात आहे हेही कळत नाही. उलट किल्लीवाल्यानेही गाडीचे कागद पाहिल्यावाचून काम हाती घेऊ नये. त्याने कागद मागितले तर राग मानू नये. तो आपल्या सर्वांच्या गाड्यांची राखण करीत असतो.

बाईंच्या गाडीचे काम झाले तेव्हा आम्ही तेथे उपस्थित होतो. त्या वयस्क मिस्त्रीने ज्या क्रमाने ते केले, तोच क्रम वाचकांपुढे ठेवतो, म्हणजे आपल्या गाडीचे काम चालले असता कोठे लक्ष द्यावे हे समजेल.

सर्वप्रथम त्याने बॅटरीची तार सोडविली. कळीकडे येणारी मुख्य तार सदैव जिवंत असते. तिच्यावर पाना टेकला तर ठिणग्या उडतात. नंतर चाके सरळ करून गाडीला दगड लावले. स्टिअरिंगखालचे आवरण काढल्यावर कुलूप दिसले. हे कुलूप दांड्याच्या नळीभोवती एका अर्धगोल पट्टीने आवळलेले असते आणि त्या पट्टीचे बोल्ट मुद्दाम विचित्र घडविलेले असतात. पुरेसे आवळले की त्यांचे डोके तुटून पडते आणि गुळगुळीत बुंधा उरतो, जेणेकरून चोराला पाना लावता येऊ नये. मालकालाही तो लावता येत नाही, ही त्यातली गंमत. असा बोल्ट काढण्याचे मार्ग दोन. बुंध्यावर करवतीने किंवा छिन्नीने खाच पाडून तो पेचकसाने फिरवावा, किंवा मध्यभागी बारीक भोक पाडून उलट आट्यांच्या हत्याराने ओढून काढावा. मिस्त्रीने दुसरा मार्ग घेतला. “ठोकना नक्को,” असे तो आपल्या पोऱ्याला दोनदा बजावीत होता. दांड्यावर हातोड्याचे घाव पडले तर आतील बेअरिंगला इजा होते किंवा नळी वाकते, आणि ते नुकसान कुलपाहून कितीतरी मोठे. कुलूप काढण्यासाठी कोणी गॅसची ज्योत आणू लागला तर त्याला तेथेच थांबवावे.

तारांच्या बाबतीत त्याने रंगांवर विश्वास ठेवला नाही. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत तपकिरी तार सदैव जिवंत, पांढरी ठिणगीची, पांढऱ्यावर तांबडी रेघ असलेली स्टार्टरची, अशी खूण असते. जर्मन-इटालियन पद्धतीत टोकांवर आकडे कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे ठिणगी, ५० म्हणजे स्टार्टर. परंतु चाळीस वर्षे चाललेल्या गाडीत किती हातांनी कोणत्या रंगाची तार कोठे जोडली असेल ह्याचा नेम नाही. त्याने प्रत्येक तार दिव्याने तपासली, तिला कागदाची चिठ्ठी बांधली आणि मगच नव्या कळीला जोडली. तोडलेल्या जागी नुसती चिकटपट्टी न गुंडाळता तारांना दाबून बसणारी टोके लावली.

त्याच वेळी त्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. काही जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्यांचा सारा प्रवाह किल्लीच्या कळीतून जातो. साठ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर लावले तर दहा अँपिअर होतात. एवढा भार रात्रीमागून रात्र वाहून आतील ठिपके जळतात. त्याने मध्ये एक रिले बसविला. आता कळीने रिलेला केवळ इशारा द्यावयाचा, भार रिलेने वाहावयाचा. शेवटी त्याने बॅटरी आणि कॉइल ह्या दोन्ही ठिकाणचा दाब मोजून पाहिला. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडला तर कोठे तरी जोड कच्चा आहे असे समजावे.

आणि आता ज्या पायरीवर सर्वांची परीक्षा होते ती पायरी. नवे कुलूप जागेवर बसविले, पण बोल्टांची डोकी लगेच तोडली नाहीत. आधी ते हलकेच आवळले. मग किल्ली आत ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरविले. कोठे घासत तर नाही? किल्ली काढून पाहिली. जीभ खाचेत पुरती शिरते ना? पुन्हा किल्ली घातली. जीभ पुरती मागे जाते ना? किल्ली चालू स्थितीत असताना ती बाहेर ओढून पाहिली; निघता कामा नये. चाके जॅकवर उचलून हीच परीक्षा पुन्हा केली. इंजिन सुरू करून कळ हाताने हलविली, स्टार्टरवरून सोडताच ती आपोआप मागे येते की नाही हे पाहिले. एवढे झाल्यावर त्याने पाना बाईंच्या हाती दिला आणि म्हटले, “अब आप तोडो.” बाईंनी जोर लावला, टक् असा आवाज होऊन एक डोके खाली पडले, मग दुसरे. ज्या हातांनी गाडी चालवावयाची त्या हातांना कुलूप कसे बसले आहे हे ठाऊक असावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि आम्हांस ते पटले.

ह्यातील कोणते काम घरी करावे, असे वाचक विचारतील. ग्रॅफाइट फुंकणे, किल्ली एकटी ठेवणे, लक्षणे ओळखणे, बॅटरीची तार सोडविणे, मागची कळ स्क्रूंवर असेल तर ती बदलणे, एवढे हौशी माणसाने सावधपणे करावे. जीभ आणि दांडा ह्यांच्याशी संबंध आला की जाणत्या मिस्त्रीकडे जावे, आणि वर सांगितलेली परीक्षा मात्र स्वतः समोर उभे राहून करवून घ्यावी.

नियमांविषयी दोन शब्द. नोंदणीपासून ५० वर्षे ओलांडलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे आणि ती १० वर्षे चालते. सांगाडा, गाडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत ही अट आहे. झिजलेले कुलूप बदलणे त्यात मोडत नाही. परंतु अशी नोंदणी घेतल्यावर ती गाडी प्रदर्शने, फेऱ्या, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरासाठी नाही. ज्यांना बाईंप्रमाणे गाडी रोज हवी आहे त्यांनी ही गोष्ट विसरू नये आणि साधी नोंदणीच मुदतीत नवी करून घ्यावी.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या मिळतात. त्यांच्यावर किंवा चिठ्ठीवर क्रमांक असेल तर तो गाडीच्या कागदांत लिहून ठेवावा, गाडीत ठेवू नये. जुन्या कुलपाचे घर चांगले असेल तर ते मोडीत न घालता फडक्यात गुंडाळून ठेवावे. पुढे पत्र्यांच्या किंवा स्प्रिंगच्या उपयोगी पडते. आणि दुसरी किल्ली ट्रंकेच्या तळाशी न टाकता घरातील दुसऱ्या एखाद्या माणसाला द्यावी, त्याच्याकडून महिन्यातून एकदा तरी गाडी सुरू करवावी आणि किल्ली अडखळली तर काय करावे हे त्याला शिकवावे. बाईंनी ती शेजारच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला दिली आहे. मुलगी रविवारी सकाळी येते, यजमान अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि किल्ली फिरविताना मनगट किती वळवावे हे तिला सांगतात. मुलाने गाडी विकण्याचा विषय अद्याप सोडलेला नाही. मात्र गेल्या खेपेच्या दूरध्वनीत त्याने टायर किती जुने झाले आहेत, अशी चौकशी केली.